घरी विमान बांधायचंय, कुठलं निवडू? आणि बेळगाव भागात फ्लाइंग क्लबचं काय?

उद्यमबाग_फॅब:
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, लेथ, मिलिंग, शीट बेंडिंग सगळं करतो, घर अनगोळला. लहानपणी सांबऱ्याच्या विमानतळाच्या कंपाउंडला सायकल लावून विमानं बघत बसायचो तेव्हापासून एकच डोक्यात आहे की आपल्या हातानं एक बांधायचं आणि उडवायचं. आता धंदा बऱ्यापैकी बसलाय, कर्ज फिटलंय, बायकोचा पण होकार आहे (अट एकच, आधी उडायला शीक मग बांध). तर विचारतो.

दोन सीटचं हवंय. तीन गोष्टींवर अडकलोय. एक, घरी जोडायच्या विमानांची किट (सुट्या भागांचा संच) विकणाऱ्या व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७, दिसायला देखणं, ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातं, नेटवर बघेल त्याच्याकडं तेच. दोन, त्याच कंपनीचं आरव्ही-१२, रोटॅक्स इंजिनवालं. तीन, झेनिथचं सीएच ७५० एसटीओएल (छोट्या पट्टीवर चढणारं-उतरणारं), मोठ्या चाकांचं, वावरात पण उतरतं म्हणतात. चौथं म्हणजे नुसते प्लॅन विकत घेऊन लाकडाचं बांधायचं, पिएटनपोल सारखं, १९२९ चं डिझाइन, फोर्ड मोटारीच्या इंजिनवर उडायचं ते. खानापूरला लाकडाची ओळख आहे म्हणून तोही विचार येतो.

जागा मच्छेला एक शेड आहे, ३० फूट बाय १८, पत्र्याची, शेजारी माझंच ग्राइंडिंग आणि वेल्डिंग चालतं. पैसे एकदम नाहीत, टप्प्याटप्प्यानं चार-पाच वर्षांत घालू शकतो. आणि बेळगावात हौशी लोकांचा फ्लाइंग क्लब असा काही आहे का? ट्रेनिंग स्कूलची विमानं रोज डोक्यावरून जातात पण रविवारी जाऊन चहा प्यावा, हँगरमधे हात काळे करावेत, चार लोकांना विचारावं असं ठिकाण मला तरी सापडलं नाही. जाणकारांनी सांगा, मी अगदी मनापासून विचारतोय, दोन-तीन महिन्यांत ठरवायचं आहे.

एअरफ्रेम_फिटर_निवृत्त:
वाचून बरं वाटलं पोरा. मी एअर फोर्समधे एअरफ्रेमला होतो, आता हिंडलग्याला असतो. शीटमेटल हातात असलेला माणूस विमान बांधायचं म्हणतोय म्हणजे निम्मी तयारी आहेच, पण तुझ्या धंद्यातल्या काही सवयी इथं सोडाव्या लागतील त्या आधी सांगतो.

पहिली गोष्ट शेड. लोखंडाचं ग्राइंडिंग जिथं चालतं तिथं अॅल्युमिनियमचं विमान ठेवायचं नाही म्हणजे नाही. लोखंडाची बारीक धूळ पत्र्यावर बसते, आपल्याकडचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणी, त्या धुळीचा एकेक कण ओलाव्यात अॅल्युमिनियमला खायला लागतो. वरून दिसत नाही, दोन वर्षांनी रंगाखाली पांढरी पावडर सापडते. मधे पक्की भिंत घाल, हत्यारं वेगळी ठेव, जो कानस लोखंडाला लावला तो इकडं आणायचा नाही. पत्र्यावर शिसपेन्सिलीनं खूण करायची नाही, ग्राफाइटनं पण गंज धरतो, मार्कर वापर.

आता रिव्हेट. आरव्ही-७ ला बहुतेक सगळे भरीव रिव्हेट, एका बाजूनं गन आणि दुसऱ्या बाजूनं डॉली (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरायला माणूस. १/८ इंची रिव्हेट घे, ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं व्हायला पाहिजे, म्हणजे साधारण ४.८ मिलिमीटर रुंद नि १.६ उंच. कमी ठोकला तर सैल, जास्त ठोकला तर कडक होऊन चिरतो. डॉली जरा तिरकी धरली की डोकं एका बाजूला झुकतं, मग ड्रिल करून काढा, आणि काढताना भोक मोठं झालं की पुढचा साइज घालावा लागतो, कडेपासून अंतर व्यासाच्या दुप्पट राहिलं पाहिजे ते मग राहत नाही. आवाजावरून कळतं बरं का, नीट बसणाऱ्या रिव्हेटचा आवाज शेवटाला बदलतो, हे पुस्तकात वाचून येत नाही, हाताला सवय लागते. असे हजारो रिव्हेट. दुसरा माणूस रोज संध्याकाळी येणार का हे आधी बघ, नसेल तर आरव्ही-७ चं नाव घेऊ नको, अर्धं बांधून विकलेली कितीतरी विमानं जगात याच कारणानं पडून आहेत.

आरव्ही-१२ आणि झेनिथ दोन्ही पुल रिव्हेटवर (एकाच बाजूनं ओढून बसवायचे), एकट्यानं होतं, भोकं कारखान्यातून पाडून येतात. पत्रा दोघांचा वेगळा, व्हॅन्सचा २०२४-टी३, ताकद जास्त पण गंजाला नाजूक म्हणून वर शुद्ध अॅल्युमिनियमचा थर असतो, तो ओरखडला की गेलं. झेनिथचा ६०६१-टी६, ताकद थोडी कमी पण आपल्या दमट हवेत जास्त टिकतो. प्राइमर दोन्हीला लावच.

आणि एक, आपल्या गावात हिंडाल्कोचा कारखाना आहे म्हणून पत्रा इथंच मिळेल असं मनात आणू नको, तिथं अॅल्युमिना होतो, पत्रा नाही. विमानाचा पत्रा सर्टिफिकेटसकटच घ्यायचा, उद्यमबागेत भंगारात कितीही चांगला दिसला तरी नाही.

खानापूर_वखार:
लाकडाचं विचारलंय म्हणून लिहितो, आमची वखार आहे. सागवान विमानाला चालत नाही असं नाही पण जड आहे, घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, आणि ही विमानं ज्या स्प्रूसवर डिझाइन केली ते ४३० च्या घरात. म्हणजे त्याच मापाची दांडी दीडपट जड, मग ती बारीक करायची तर डिझाइन पुन्हा काढावं लागणार, ते आपलं काम नव्हे. स्प्रूस आपल्याकडं होत नाही, बाहेरून मागवायचा आणि तोही सरळ रेषेचा, गाठ नसलेला. बरं आमच्या खानापुरात पावसाळ्यात लाकूड पाणी ओढतं, उन्हाळ्यात सोडतं, डिंकाचा जोड त्या ओढाताणीत सतत ताणला जातो. शेड बंद करून आतला दमटपणा आवरता आला तर हो म्हणा. नुसतं ओळखीचं लाकूड स्वस्तात मिळतंय म्हणून त्या वाटेला जाऊ नका. लाकडाची आवडच असेल तर एक रिब (पंखाच्या आतली फासळी) बांधून बघा, फक्त एक, मी प्लायच्या पट्ट्या देतो.

निपाणी_सेसना:
मी निपाणीची, पीपीएल (हौशी पायलटचं लायसन्स) झालंय, आता सीपीएलचे (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सचे) तास भरतेय. वैनींनी जी अट घातलीय ना ती पहिल्या नंबरची गोष्ट आहे. आधी उडा. कुठलं विमान आवडेल हे फोटोवरून कळतच नाही. मला पण आधी वाटायचं वेगवान हवं, आणि खरं सांगायचं तर आता रविवारी सकाळी हिरण्यकेशीच्या वरून हळूहळू जात खाली उसाचे फड बघणं यात जे सुख आहे ते वेगात नाही. तुम्हाला काय आवडतं ते वीस-तीस तास हवेत काढल्यावर कळेल, आणि मग तीन विमानांपैकी दोन आपोआप गळतील.

पीपीएलला वयाची १७ वर्षं पूर्ण, दहावी पास, क्लास २ मेडिकल, डीजीसीएचा (सरकारचं विमान वाहतूक खातं) कॉम्प्युटर नंबर, लेखी परीक्षा आणि किमान ४० तास उड्डाण. रेडिओचं लायसन्स वेगळं. मेडिकल सगळ्यात आधी करा, लाखो रुपये घातल्यावर कानात नाहीतर बीपीमधे काही निघालं तर फार वाईट वाटतं. तासाचा खर्च दहा-पंधरा हजारांच्या घरात धरा, त्यामुळे धंदा सांभाळून करणार असाल तर जमेल तेवढं सलग करा, मधे दोन महिने गेले की हात विसरतो आणि तेच तास पुन्हा द्यावे लागतात. पावसाळ्याचं पण गणित ठेवा, जुलै-ऑगस्टला सांबऱ्यावर ढग इतके खाली असतात की शिकाऊ विमानं दिवसेंदिवस बाहेरच येत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखे.

आता सांबऱ्याची एक गोष्ट जी विमान निवडताना सगळे विसरतात. एअरपोर्टची उंची जवळजवळ २,४९० फूट. एप्रिलच्या दुपारी ३६ डिग्री तापमान आहे असं धरा. त्या उंचीवर स्टँडर्ड तापमान १० डिग्री असायला पाहिजे, म्हणजे २६ डिग्री जास्त, दर डिग्रीला साधारण १२० फूट, झाले की तीन हजाराच्या वर. म्हणजे तुमचं इंजिन आणि पंख यांना वाटतं आपण ५,६०० फुटांवर आहोत. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला तीन टक्क्यांच्या आसपास ताकद घालवतं, १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स त्या दुपारी ८३-८४ चं राहतं. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर आहे म्हणून तिथं काही वाटणार नाही, पण तीनशे मीटरच्या मातीच्या पट्टीवरून, दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन, समोर उसाच्या शेताला विजेच्या तारा, तिथं सगळं वाटेल. माहितीपत्रकातले टेकऑफचे आकडे समुद्रसपाटीचे असतात हे लक्षात ठेवा. आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी हे गणित फळ्यावर रोज करायला लावलं होतं, उडण्याआधी, चहाच्या आधी.

क्लबचं म्हणाल तर बेळगावात ट्रेनिंग स्कूल आहेत, एअरपोर्ट्स अथॉरिटीनं २०२१ ला देशात जी पाच ठिकाणं निवडली त्यात आपलं सांबरा होतं. पण ती शाळा आहे, क्लब नाही. मुलं सीपीएलचे २०० तास भरायला आलेली, सगळ्यांना घाई. तरी तिथं जाऊन बसण्यात अर्थ आहे. सकाळी सहाला विमान बाहेर काढतात, टाकीच्या खालून छोट्या काचेच्या भांड्यात पेट्रोल काढून उजेडात धरतात, तळाला पाण्याचा थेंब दिसतो का बघतात, कंट्रोल हलवून बघतात, टायरवरून हात फिरवतात. विमानाशी बोलणं म्हणतात ते हेच. परवानगी काढून दोन-चार सकाळी बघा, आणि शक्य असेल तर एक ट्रायल फ्लाइट घ्या. ग्लायडिंगची आवड लागली तर पुण्याला हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, उड्डाणं चालू आहेत का ते फोन करून जा. बेंगळुरूला जक्कूरचं सरकारी ट्रेनिंग स्कूल तर खूप जुनं.

उद्यमबाग_फॅब:
काका, ताई, वखारवाले दादा, काय लिहू. भिंतीचं काम पुढच्याच आठवड्यात लावतो, ग्राइंडिंग तसंही मुख्य शॉपला हलवायचं होतं. लाकडाचा विचार सोडला. आरव्ही-७ पण बाजूला, कारण संध्याकाळी डॉली धरायला कायमचा माणूस माझ्याकडं नाही, पोरगा आठवीत आहे आणि त्याच्यावर ते टाकायचं नाही.

म्हणजे आरव्ही-१२ का झेनिथ ७५०. झेनिथकडं मन ओढतंय कारण येळ्ळूरच्या बाजूला पाहुण्यांचं माळरान आहे, तीन-साडेतीनशे मीटर सरळ मिळेल, तिथं पट्टी करता येईल असं वाटतंय. हे जमेल का?

बेळगावचा_एएमई_बेंगळुरू:
मी मूळचा वडगावचा, बेंगळुरूत एअरक्राफ्ट मेंटेनन्समधे आहे. दादा, माळरानाचं स्वप्न सगळ्यात शेवटी ठेवा. आपल्या पट्टीवरून उडायचं म्हणजे डीजीसीए, जिल्हा प्रशासन, गृह खातं, आणि सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं असल्यामुळे हवाई दल, एवढ्यांचा होकार लागतो. येळ्ळूर सांबऱ्यापासून किती जवळ आहे ते तुम्हालाच माहीत. त्यामुळे विमान असं निवडा की माळ नाही मिळाला तरी ते उपयोगी पडेल. इथं आरव्ही-१२ चा एक मोठा फायदा, त्याचे पंख दोघांनी मिळून काढता येतात, ट्रेलरवर घालून नेता येतं. सांबऱ्याला हँगरमधे जागा मिळणं अवघड आहे, भाडं वेगळंच. पंख काढून मच्छेच्या शेडात ठेवता आलं तर निम्मा प्रश्न सुटला. पंख जोडून ते टोकाला टोक २७ फूट, काढल्यावर तुमच्या ३० फुटी शेडात लांबीला आरामात बसतं. झेनिथ ७५० चे पंख जवळजवळ ३० फूट, बांधताना तुकड्या-तुकड्यानं जमेल, पूर्ण जोडून बघायला मात्र शेड पुरणार नाही.

कागदपत्रांचं नीट ऐका. अमेरिकेत हौशी माणसानं निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं की एक्सपेरिमेंटल म्हणून वाट सोपी आहे, व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक तेच इथं धरतात. आपल्याकडं रस्ता आहे पण तो अरुंद आहे. कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते बघितलं, नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरमधे आणि उडवायची परवानगी २०१९ ला. ते स्वतः एअरलाइनचे पायलट, स्वतःचं डिझाइन, तरी एवढा काळ. तुमचं किट असणार, जगात शेकड्यांनी उडणारं डिझाइन, त्यामुळे बाकी प्रश्न कमी. पण पैसे भरायच्या आधी बेंगळुरूच्या डीजीसीए ऑफिसला जाऊन कुठल्या नियमाखाली, कुठल्या टप्प्याला तपासणी, कोण सही करणार हे लेखी घ्या. पंख बंद केल्यावर आत काय आहे ते कोणी बघू शकत नाही, त्यामुळे तपासणी पत्रा बंद करायच्या आधीच व्हायला पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय, त्यामुळे इंटरनेटवरची जुनी माहिती वाचून ठरवू नका, प्रत्यक्ष विचारा. रोजच्या कामाची वही ठेवा, फोटोसकट, तारखेसकट, प्रत्येक पेटीचं इन्व्हॉइस आणि मटेरियल सर्टिफिकेट जपून.

पैशाचं. किटची किंमत म्हणजे विमानाची किंमत नव्हे. इंजिन, प्रोपेलर, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, रंग, शिवाय कस्टम आणि जहाजाचं भाडं, सगळं धरून किटच्या दुपटीच्या वर जातं. चांगली गोष्ट ही की किट भागाभागानं मिळतं. आधी फक्त शेपटीचा भाग मागवा, खोका छोटा, पैसे कमी. ते बांधून झालं की कळतं आपल्याला हे काम रोज करावंसं वाटतंय की नाही. व्हॅन्स कंपनी २०२३ च्या डिसेंबरमधे दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली होती, पुढच्या वर्षी त्यातून बाहेर आली, किमती वाढवून. म्हणून पण मी सांगतो, पूर्ण किटचे पैसे एकदम अडकवू नका.

आणि पेट्रोल. हे आपल्या भागात कुणी बोलत नाही. रोटॅक्स ९१२ मोटारीच्या पेट्रोलवर चालतं हा त्याचा मोठा गुण, पण कंपनी इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणते. आपल्याकडं पंपावर आता २० टक्क्यांचं ई-२० आलंय. संकेश्वर, चिक्कोडी, अथणीकडच्या शेतकऱ्यांना इथेनॉलनं चांगले दिवस आणलेत, त्यात वाद नाही, पण ते तुमच्या टाकीत नको. जास्त इथेनॉल रबरी होज आणि टाकीच्या सीलंटला त्रास देतं, दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि थंडी पडली की ते पाणी खाली वेगळं होतं, हवेत असताना इंजिनला पाणी पाजायचं नसतं. घरच्या घरी टेस्ट आहे. उभट काचेच्या भांड्यात थोडं पाणी, खूण करा, वर पेट्रोल, हलवा, दहा मिनिटं ठेवा. पाण्याची रेघ वर सरकलेली दिसली तर तेवढं इथेनॉल पाण्यात उतरलं. म्हणजे तुम्हाला अॅव्हगॅस (विमानाचं खास पेट्रोल) लागणार, १०० एलएल, ते २०२२ पासून इंडियन ऑइल गुजरातच्या रिफायनरीत बनवते, पण ते एअरपोर्टवर मिळतं, पंपावर नाही. शिवाय त्यात शिसं असतं, त्यामुळे रोटॅक्सचं ऑइल लवकर बदलावं लागतं. माळरानावर उडायचं तर हे पेट्रोल तिथपर्यंत कसं नेणार, कुठं साठवणार याची परवानगी पुन्हा वेगळी.

हे सगळं घाबरवायला नाही लिहिलं. हत्तरगीच्या एरोस्पेस पार्कमधे आपल्याच गावची पोरं एअरबससाठी पार्ट बनवतात, बर (कापलेल्या कडेची खरखर) काढण्यापासून इन्स्पेक्शनपर्यंत सगळं त्यांना येतं. हात इथं आहेत. कमी आहे ती अशी कामं एकत्र बसून करायच्या जागेची.

कोल्हापूर_एरोमॉडेल:
एएमई भाऊंच्या शेवटच्या वाक्यावरच लिहायला आलो. आम्ही कोल्हापुरात रिमोटची विमानं उडवतो, उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांनी १९३९ ला केला, त्यामुळे आमच्याकडं विमानाचं वेड घराघरात जुनं आहे. अमेरिकेत ईएए म्हणून हौशी बांधणाऱ्यांची जी संस्था आहे ती १९५३ ला मिलवॉकीत मूठभर लोकांनी सुरू केली, आज दर जुलैला ऑशकॉशला त्यांचा मेळा भरतो तेव्हा काही दिवस तो जगातला सगळ्यात गजबजलेला विमानतळ असतो. सुरुवात एवढ्या मोठ्या मेळ्यापासून झाली नव्हती, मूठभर हौशी लोकांपासून झाली. एकजण बांधतोय आणि बाकीचे शनिवारी बघायला, हात लावायला येतायत.

तर माझं म्हणणं, क्लब शोधू नका, तुमची शेड म्हणजेच क्लब करा. महिन्यातून एक रविवार. नोंदणी, पावतीपुस्तक, अध्यक्ष-सेक्रेटरी काही नको, ते सुरू झालं की आपल्याकडं आधी भांडणं होतात. दोन टेबलं, चांगला उजेड, कॉम्प्रेसर. आम्ही कोल्हापुरातून चार-पाचजण येऊ, आमच्यात एकाचा कंपोझिटचा (फायबर-रेझिनच्या कामाचा) हात चांगला आहे, एकजण इलेक्ट्रॉनिक्सवाला. मुलांना बाल्सा लाकडाचं ग्लायडर करायला बसवू. फक्त सांबऱ्याच्या जवळ मॉडेल उडवायचं नाही, डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर झोन बघूनच, नाहीतर पोलीस स्टेशनला जावं लागेल.

आणि एनसीसी एअर विंगच्या पोरांना पण बोलवा. त्यांच्याकडं पिपिस्ट्रेल व्हायरस हे मायक्रोलाइट (अगदी हलकं छोटं विमान) आहे, सरकारनं २०१५ ला हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी मिळून १९४ घेतली होती. त्यात बसलेलं एखादं पोर तुमच्या शेडात आलं तर त्याला आतून विमान कसं असतं ते दिसेल, आणि तुम्हाला रिव्हेट ओढायला हात मिळतील.

निपाणी_सेसना:
कोल्हापूरवाल्यांना माझा पाठिंबा. मी पण येईन, आणि फळ्यावर ते डेन्सिटी अल्टिट्यूडचं (उन्हात विमानाला वाटणाऱ्या उंचीचं) गणित सगळ्यांकडून करून घेईन. मायक्रोलाइटचा विषय निघाला म्हणून, दादा, बेंगळुरूच्या राजहंसनं ८० च्या दशकापासून मायक्रोलाइट केलीत, त्यांचं एक्स-एअर परदेशात पण भरपूर गेलं. अॅल्युमिनियमचा पाइप आणि वर डॅक्रॉनचं कापड. कुणाचं जुनं उडतं एक्स-एअर बघायला मिळालं तर जाऊन नुसतं निरखून बघा, सगळा सांगाडा उघडा दिसतो, कुठला बोल्ट कुठला भार घेतो ते नजरेनं कळतं. तुमच्यासारख्या फॅब्रिकेशनवाल्याला त्यातून खूप शिकायला मिळेल. आरव्ही-१२ ला माझं मत आहे, आधी सांबऱ्यावरूनच उडा, माळ पुढं बघू.

उद्यमबाग_फॅब:
ठरलं बघा. आरव्ही-१२, पण आधी मेडिकल, मग डीजीसीए ऑफिसची भेट, ती झाल्यावर फक्त शेपटीचं किट. गणपती झाल्यावर ढग वर गेले की ट्रायल फ्लाइट, बायकोला पण घेऊन जातो, तिला मागं बसू देतात का विचारतो. पेट्रोलची टेस्ट आज रात्रीच करणार.

आणि शेडचा रविवार पक्का. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी नऊ, मच्छे. किट यायला वेळ आहे म्हणून तोपर्यंत सरावाला काय ठोकायचं ते काका तुम्ही सांगा, पत्रा कुठला आणू?

एअरफ्रेम_फिटर_निवृत्त:
सरावाला पण विमानाचाच पत्रा आण, ०.०३२ इंच जाडीचा, दोन फुटाचे चार तुकडे पुरेत, बेंगळुरूहून मागव, एएमई भाऊ दुकान सांगतील. पुल रिव्हेटचंच विमान असलं तरी आधी सगळ्यांनी भरीव रिव्हेट ठोकायचा, भोक सरळ आहे का, पत्रा पत्र्याला चिकटून बसलाय का हे त्यात उघडं पडतं. डॉली माझ्याकडं आहेत तीन मापाच्या, गन पण आहे. कॉम्प्रेसरला पाणी पकडणारा फिल्टर लाव आणि प्रेशर कमी करायचा रेग्युलेटर. चष्मे आणि कानाला लावायचं सगळ्यांसाठी घेऊन ठेव, पोरांसाठी जास्तीचे. लोकेशन पाठव.